बिनचुलीची पेढी

खानावळ घालायची म्हटली तर काय काय लागतं? जागा लागते. चूल लागते. भांडीकुंडी लागतात. स्वयंपाकाला माणसं लागतात. एवढं सगळं जमवलं, तरी गिऱ्हाईक येईल की नाही, ही काळजी राहतेच.

आता एक नवल ऐका. आपल्या देशात एक पेढी आहे. तिच्या हातून रोज लाखो घरी जेवण पोहोचतं. पण त्यातली भाजी तिनं चिरलेली नसते. भाकरी तिनं थापलेली नसते. जेवण रांधतो हॉटेलवाला. ते घरी नेऊन देतो मोटारसायकलवरचा एक पोरगा. ती मोटारसायकलसुद्धा पेढीची नसते, त्या पोराची असते. तरीही ही पेढी आज देशातल्या मोठ्या पेढ्यांत गणली जाते.

या पेढीचं नाव झोमॅटो. शहरात लाल सदरा घातलेली, पाठीला चौकोनी पेटी लावलेली पोरं तुम्ही पाहिली असतील. ती या पेढीसाठी जेवण पोहोचवतात. त्यांतली कितीतरी पोरं खेड्यांतून आलेली असतात.

ही पेढी कशी वाढली? तिला पैसा कुठून आला? आणि ते जेवण वाहून नेणाऱ्याच्या हाती शेवटी काय उरतं? हे आपण या पाठात पाहू.

१. सुरुवात झाली कागदापासून

सन २००८ ची गोष्ट. दिल्लीत एका मोठ्या कंपनीत दोन तरुण नोकरी करत होते. एकाचं नाव दीपिंदर गोयल. दुसऱ्याचं नाव पंकज चड्ढा. दोघेही दिल्लीच्या आय. आय. टी. मध्ये शिकलेले. गोयल हे मूळचे पंजाबातल्या मुक्तसर गावचे.

त्यांच्या कचेरीत जवळपासच्या हॉटेलांची दरपत्रकं ठेवलेली असत. कोणत्या हॉटेलात काय मिळतं आणि केवढ्याला मिळतं, हे त्या कागदांवर लिहिलेलं असे. दुपारी जेवणाची वेळ झाली, की ते कागद पाहायला माणसांची गर्दी होई. कागद थोडे आणि पाहणारे फार.

या दोघांच्या मनात आलं, हे कागद संगणकावर घातले तर? मग सगळ्यांनाच ते आपापल्या जागेवर बसून वाचता येतील. त्यांनी तसं केलं. लोकांना ती सोय फार आवडली. मग त्यांनी दिल्लीतल्या आणखी हॉटेलांची दरपत्रकं गोळा केली. ती इंटरनेटवर घातली. सगळ्यांना खुली केली. या कामाला त्यांनी नाव दिलं 'फूडीबे'. सन २०१० मध्ये ते नाव बदलून 'झोमॅटो' केलं.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या वेळी ही पेढी जेवण पोहोचवत नव्हती. ती फक्त माहिती सांगत होती. कुठं काय मिळतं, केवढ्याला मिळतं, खाणाऱ्यांचं मत काय, एवढंच. हॉटेलवाले आपली जाहिरात करायला तिला पैसे देत. तेच तिचं उत्पन्न.

म्हणजे या पेढीचं पहिलं भांडवल कोणतं? पीठ नाही, मीठ नाही. लिहिलेला कागद, हेच तिचं पहिलं भांडवल.

२. दुसऱ्यांचा पैसा

नुसत्या कल्पनेवर धंदा वाढत नाही. त्याला पैसा लागतो. सन २०१० मध्ये इन्फो एज नावाच्या कंपनीनं यात सुमारे पावणेपाच कोटी रुपये घातले. इंटरनेटवर नोकऱ्यांची माहिती देणारी 'नोकरी' ही सेवा याच कंपनीची. पुढं परदेशातल्या धनिकांनीही पैसे घातले.

हे कर्ज नव्हे बरं का. कर्ज व्याजासकट फेडावं लागतं. इथं पैसे घालणारा वाटेकरी होतो. धंदा वाढला, तर त्याचा वाटाही वाढतो. धंदा बुडाला, तर त्याचा पैसाही बुडतो.

हा पैसा घेऊन पेढी मुंबई, पुणे, कोलकाता अशा शहरांत गेली. २०१२ पासून परदेशातही गेली. पण सगळीकडे जम बसला नाही. पुढं बहुतेक देशांतून तिनं पाय मागं घेतला.

३. जेवण पोहोचवण्याचं काम

सन २०१४ मध्ये बंगळूरला 'स्विगी' नावाची दुसरी पेढी निघाली. ती लोकांच्या घरी जेवण पोहोचवू लागली. २०१५ मध्ये झोमॅटोनंही हे काम सुरू केलं. दोघींत चढाओढ लागली.

ही वेळ त्यांना अनुकूल होती. त्याची कारणं चार. एक, लोकांच्या हाती नवे मोबाईल आले. माणूस कुठं उभा आहे, हे त्या मोबाईलवरून कळू लागलं. दुसरं, २०१६ नंतर इंटरनेट फार स्वस्त झालं. मोबाईलवरून पैसे देण्याची सोयही त्याच सुमारास आली. तिसरं, शहरांत घरापासून दूर राहणारी माणसं वाढली. कामावरून दमून आल्यावर चूल पेटवायला त्यांना वेळ नसतो. चौथं, काम शोधणारे आणि जवळ मोटारसायकल असलेले तरुण गावोगाव होते.

गिऱ्हाईक ओढायला दोन्ही पेढ्यांनी सवलती दिल्या. शंभराचं जेवण साठ-सत्तर रुपयांत मिळू लागलं. वरचे तीस-चाळीस कोण भरत होतं? बऱ्याच वेळा पेढीच भरत होती. म्हणजे वाटेकऱ्यांचा पैसा लोकांच्या ताटात जात होता.

अशानं तोटा होणारच. सन २०१९-२० या एका वर्षात झोमॅटोला सुमारे २,४०० कोटी रुपये तोटा झाला. आपल्याकडे दुकानदाराला तोटा झाला, की तो दुकानाला कुलूप लावतो. मग या पेढीनं कुलूप का लावलं नाही? कारण वाटेकऱ्यांचा हिशेब निराळा होता. आज तोटा सोसू, लोकांना सवय लावू, चढाओढीतले बाकीचे गळाले की मग नफा काढू, असा तो हिशेब होता. झालंही तसंच. जानेवारी २०२० मध्ये उबर कंपनीचा भारतातला जेवण पोहोचवण्याचा धंदा झोमॅटोनं विकत घेतला. मैदानात मोठ्या अशा दोनच पेढ्या उरल्या.

मग करोनाची साथ आली. पहिले काही महिने धंदा एकदम बसला. पेढीनं आपल्या नोकरांपैकी शेकडो जणांना कमी केलं. पुढं मात्र घराबाहेर पडायला घाबरणारी माणसं घरीच जेवण मागवू लागली.

जुलै २०२१ मध्ये झोमॅटोनं आपले शेअर सर्वसामान्य लोकांना विकले. शेअर म्हणजे कंपनीचा लहानसा वाटा. एका शेअरची किंमत ७६ रुपये ठेवली होती. बाजारात आल्या दिवशीच तो शंभराच्या वर गेला. पुढच्याच वर्षी तो पन्नासच्याही खाली उतरला. नंतर पुन्हा बराच वर चढला. ज्यांना हा चढउतार सोसणार नाही, त्यांनी ऐकीव गोष्टींवर पैसे घालू नयेत, हा यातला धडा.

सन २०२३-२४ मध्ये पेढीला प्रथमच पूर्ण वर्षाचा नफा झाला. नफा ३५१ कोटी रुपये. आकडा मोठा वाटतो. पण त्या वर्षीचं धंद्याचं उत्पन्न होतं १२,११४ कोटी. म्हणजे शंभर रुपयांमागे नफा तीन रुपयेसुद्धा नाही. त्यातही साठवलेल्या पैशांवर मिळालेल्या व्याजाचा मोठा आधार होता. जेवण पोहोचवणं हा काही सोन्याचा धंदा नव्हे.

पेढीनं पुढं इतर धंदेही जोडले. २०२२ मध्ये घरपोच किराणा देणारी 'ब्लिंकिट' ही कंपनी घेतली. २०२५ मध्ये मूळ कंपनीचं नाव 'इटर्नल' झालं. जेवण पोहोचवणाऱ्या सेवेचं नाव मात्र झोमॅटोच राहिलं.

४. अडत्याचा हिशेब

आपण कांदा घेऊन बाजार समितीत जातो. तिथं अडत्या असतो. अडत्या कांदा पिकवत नाही. तो कांदा खातही नाही. विकणारा आणि घेणारा यांची तो गाठ घालून देतो, आणि आपली अडत घेतो. झोमॅटो ही अशीच अडत्या आहे. तिचा बाजार मोबाईलमध्ये भरतो, एवढाच फरक.

आता एका ताटाचा हिशेब मांडून पाहू. हे आकडे शिकण्यापुरते धरले आहेत. खरे दर शहराप्रमाणे आणि कराराप्रमाणे बदलतात.

समजा, ताटाची किंमत २०० रुपये. त्यावर सरकारचा कर १० रुपये. पोहोचवण्याचे आणि इतर आकार ४० रुपये. गिऱ्हाईक देतो एकूण २५० रुपये.

हॉटेलवाल्याकडून पेढी शेकडा २० दलाली घेते असं धरू. म्हणजे २०० रुपयांवर ४० रुपये. हॉटेलवाल्याच्या हाती उरले १६०. कराचे १० रुपये पेढी सरकारात भरते. दलालीचे ४० आणि आकाराचे ४० मिळून पेढीकडे आले ८०. त्यांतले समजा ४० पोहोचवणाऱ्या पोराला दिले. पेढीकडे राहिले ४०. त्यांतून सवलती, जाहिराती, नोकरांचे पगार, संगणकांचा खर्च आणि तिचे स्वतःचे कर भागायचे.

हॉटेलवाला म्हणतो, दलाली फार होते. पण नाही म्हणायची सोय त्याला राहत नाही. शहरातलं गिऱ्हाईक आता मोबाईलमध्ये पाहून जेवण मागवतं. जो त्या यादीत नाही, तो त्या गिऱ्हाइकाला दिसतच नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटनेनं तक्रार केली. तेव्हा २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं झोमॅटो आणि स्विगी या दोघींच्या व्यवहाराची चौकशी लावली.

५. डबेवाला आणि डिलिव्हरीवाला

तयार जेवण वाहून नेण्याचं काम आपल्याला नवं नाही. मुंबईचे डबेवाले हे काम सव्वाशेहून अधिक वर्षं करत आले आहेत. सन १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी ते सुरू केलं, असं सांगतात. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांतले कष्टकरी लोक मुंबईत गेले आणि त्यांनी हा धंदा उभा केला.

मग डबेवाला आणि डिलिव्हरीवाला यांत फरक काय?

पहिला फरक मालकीचा. डबेवाल्यांची टोळी असते. तिचा मुकादम असतो. तोही त्यांच्यातलाच. मिळकत टोळीतले लोक आपसांत वाटून घेतात. धंदा वाहणाऱ्यांचाच आहे. झोमॅटोत वाहणारे एक, आणि मालक दुसरे. पेढी पोहोचवणाऱ्याला 'भागीदार' म्हणते खरं. पण केवळ तेवढ्यानं त्याला पेढीत वाटा मिळत नाही.

दुसरा फरक याहून मोठा आहे. डब्याच्या झाकणावर रंगानं खुणा केलेल्या असतात. डबा कुठून आला, कोणत्या स्टेशनावर उतरवायचा, कोणत्या इमारतीत न्यायचा, हे त्या खुणेवरून कळतं. फारसं न शिकलेला डबेवालाही ती खूण वाचतो. म्हणजे आपल्या धंद्याचं पुस्तक त्याला वाचता येतं.

डिलिव्हरीवाल्याचं तसं नाही. ही फेरी मलाच का आली? काल इतके पैसे मिळाले, आज कमी का? बोनसला एकच फेरी कमी पडली, तेव्हाच काम येईनासं का झालं? हा सगळा हिशेब मोबाईलच्या मागं होतो. तो त्याला दिसत नाही. गिऱ्हाइकानं तक्रार केली, तर काही वेळा त्याचं खातंच बंद होतं. मग दाद कुणाकडे मागायची, हे त्याला चटकन उमगत नाही.

पेढीचं बळ कशात आहे, हे आता कळलं ना? तिची चूल नाही, गाडी नाही. पण हिशेबाची वही तिच्याच हाती आहे. ज्याच्या हाती वही, त्याच्या हाती धंदा.

६. हाती काय उरतं?

म्हणून वाहणाऱ्यानंही आपली वही ठेवली पाहिजे. समजा, आपल्या गावचा एक मुलगा पुण्याला हे काम करतो. सणाला तो घरी आला. आईनं विचारलं, "महिन्याला किती मिळतात रे तुला?" तो म्हणाला, "बावीस हजारांच्या वर सुटतात, आई."

आईला आनंद झाला. पण ती साक्षरतेच्या वर्गाला जाणारी. ती म्हणाली, "मिळतात ते सांगितलंस. उरतात किती, ते सांग." मग दोघांनी वही घेतली आणि एका दिवसाचा हिशेब मांडला.

१८ फेऱ्या, दर फेरीला ४० रुपये: ७२० रुपये.
बोनस: १५० रुपये.
एकूण मिळाले: ८७० रुपये.

आता खर्च. दिवसाला गाडी १०० किलोमीटर पळाली. त्याला पेट्रोल २ लिटर. लिटरला १०५ रुपये धरले, तर २१० रुपये.
टायर, ऑईल, दुरुस्ती: ६० रुपये.
मोबाईलचा रिचार्ज: १० रुपये.
गाडीच्या कर्जाचा हप्ता: १०० रुपये.
एकूण खर्च: ३८० रुपये.

८७० वजा ३८०. उरले ४९० रुपये. तेही दहा तास रस्त्यावर राहून.

महिन्याला २६ दिवस काम केलं, तर मिळाले २२,६२० रुपये. पण उरले १२,७४० रुपये. बावीस हजार कुठं आणि पावणेतेरा हजार कुठं! त्यातून खोलीचं भाडं आणि स्वतःचं जेवण अजून जायचं आहे.

आई म्हणाली, "काम सोड असं मी म्हणत नाही. पण रोज रात्री हे एवढं लिहीत जा. कोणत्या वेळी पैसे बरे मिळतात, कोणत्या वेळी नुसतं पेट्रोल जळतं, ते तुझं तुलाच कळेल."

या कामाचे फायदेही आहेत, ते लपवू नयेत. वशिला लागत नाही. मोठी परीक्षा लागत नाही. पैसे बहुधा आठवड्याला खात्यात जमा होतात. गावाकडे पेरणीला यायचं असेल, तर कुणाची रजा मागावी लागत नाही. या कामावर कितीतरी घरांच्या चुली पेटतात. पण ज्या दिवशी काम नाही, त्या दिवशी पैसा नाही. आजारपणाची पगारी रजा नाही. पाऊस असो की ऊन, आणि रस्ता कसाही असो, धोका ज्याचा त्याला.

७. कायदा काय सांगतो?

अशा कामगारांची दखल आता कायद्यानं घेतली आहे. संसदेनं २०२० मध्ये सामाजिक सुरक्षा संहिता मंजूर केली. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. मोबाईलवरून काम मिळणाऱ्या कामगाराचा उल्लेख तिच्यात स्पष्ट आहे. अशा पेढ्यांनी आपल्या वार्षिक उलाढालीतले शेकडा १ ते २ रुपये या कामगारांच्या कल्याणासाठी द्यायचे आहेत. पेढी कामगारांना जेवढे पैसे देते, त्याच्या शेकडा ५ पेक्षा ही रक्कम जास्त असणार नाही. विमा, आजारपण, म्हातारपण अशा योजनांसाठी हा पैसा आहे.

हे आपोआप घडलेलं नाही. कामगार एकत्र आले, त्यांनी मागण्या मांडल्या. डिसेंबर २०२५ मध्येही अनेक शहरांत त्यांनी संप केला. फार घाईनं माल पोहोचवायला लावू नका, ही त्यांची एक मागणी होती. कारण घाईची किंमत जीवानं मोजावी लागते.

तुमच्या घरातलं कुणी हे काम करत असेल किंवा करणार असेल, तर या पाच गोष्टी सांगा.

एक : मोबाईलवर 'मान्य' असं बटण येतं. ते दाबण्याआधी अटी वाचाव्यात. कळल्या नाहीत, तर जाणत्याकडून वाचून घ्याव्यात. बटण दाबणं म्हणजे अंगठा देणंच आहे.

दोन : 'काम लावून देतो' म्हणणाऱ्या दलालाला पैसे देऊ नयेत. नाव स्वतःच मोबाईलवरून नोंदवता येतं.

तीन : अपघाताच्या विम्याची चौकशी करावी. पेढीचा विमा कधी मिळतो, किती मिळतो, ते विचारावं. आपल्या गाडीचा विमा खाजगी वापराचा असेल, तर धंद्याच्या वापरात तो चालतो का, हेही विचारून ठेवावं.

चार : 'ई-श्रम' मध्ये नाव नोंदवावं. ही असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी आहे. ती २०२१ मध्ये सुरू झाली. आधार कार्ड घेऊन सेवा केंद्रात गेलं, की नोंदणी करून देतात.

पाच : मिळकत आणि खर्च रोज वहीत लिहावा.

मंडळी, दोन तरुणांनी कचेरीतले कागद नीट पाहिले. त्यांतून केवढी पेढी उभी राहिली! आपण सगळेच काही पेढी काढणार नाही. पण आपल्या घामाचा हिशेब आपण नक्की ठेवू शकतो. पूर्वी सावकाराच्या वहीत काय लिहिलंय, ते आपल्या वाडवडिलांना वाचता येत नव्हतं. त्यापायी जमिनी गेल्या. आजची वही मोबाईलमध्ये आहे. ती जेवढी दिसते तेवढी वाचा. जी दिसत नाही, ती दाखवा म्हणून चौघांनी मिळून विचारा. आणि आपली स्वतःची वही कोरी ठेवू नका.

शब्दांचे अर्थ

पेढी : व्यापार करणारी संस्था, कंपनी
भांडवल : धंद्यात घातलेला पैसा किंवा साधन
वाटेकरी : नफ्यातोट्यात भाग असणारा
दलाली : व्यवहार जुळवून दिल्याबद्दल घेतलेला मोबदला
उलाढाल : धंद्यात झालेला एकूण व्यवहार
संहिता : एकत्र केलेले कायदे

प्रश्न

१. झोमॅटो ही पेढी सुरुवातीला कोणतं काम करत होती?
२. कर्ज देणारा आणि वाटेकरी यांत काय फरक आहे?
३. डब्यावरची खूण आणि मोबाईलमधला हिशेब यांत कोणता फरक सांगितला आहे?
४. पाठातल्या मुलाला दिवसाला १५ च फेऱ्या मिळाल्या, बोनस मिळाला नाही, आणि खर्च तेवढाच झाला, तर हाती किती उरतील? मांडून पाहा.
५. तुम्ही जे काम करता, त्यात एका दिवसात किती मिळाले आणि किती उरले, ते आज रात्री वहीत लिहा.